माझा चूड

सातवीत, म्हणजे 1994 साली, कार्यानुभवाच्या सरांनी आमच्या वर्गाला लोकलने वडगाव मावळला नेलं. जुलै महिना, धो धो पाऊस. ‘भात हे खरीप पीक आहे’ हे वाक्य आम्ही चाचणीत लिहून मार्क मिळवले होते. भात आधी राबात, म्हणजे रोपं तयार करायच्या वाफ्यात, पेरतात आणि रोपं उपटून दुसऱ्या खाचरात लावतात, हे मात्र वर्गात एकालाही माहीत नव्हतं.

चिखलात पाय घातला आणि पहिल्या पावलालाच माझी चप्पल गेली. ती शेवटपर्यंत सापडली नाही. (घरी ऐकून घ्यावं लागलं, ते वेगळं.) इरलं पांघरलेल्या एका आजींनी हातात रोपांची मूठ दिली. मी लावलेली पहिली रोपं पाण्यावर तरंगायला लागली, म्हणून पुढची चांगली वीतभर खाली दाबली. आजी मागून ओरडल्या, “आरं लेकरा, मुळं गाडायची, शेंडा न्हाई!” त्यांचा हात पाहिला. दोन-तीन रोपं, तीन बोटांची चिमूट, जेमतेम दोन पेरं खोल, की पुढे. मी एक चूड, म्हणजे एका जागी लावलेली दोन-तीन रोपं, लावेपर्यंत त्यांचे दहा व्हायचे. सरांनी माझ्या चुडांशेजारी बांधावर काठी रोवून ठेवली.

दुपारी पत्रावळीवर इंद्रायणीचा चिकट, वासाचा भात आणि पिठलं. हे वाण 1987 साली तिथल्याच संशोधन केंद्रातून आलं, हे सरांनी जेवताना सांगितलं. आम्ही फक्त खात होतो.

दिवाळीनंतर कापणीला पुन्हा गेलो. काठी जागेवर होती. खोल गाडलेल्या रोपाला फुटवे, म्हणजे बुंध्यातून फुटणाऱ्या नव्या काड्या, उशिरा आणि कमी येतात, हे पुस्तकात पुढे कधीतरी वाचलं. तेव्हा नुसतं दिसलं. माझ्या चुडाला पाच लोंब्या, शेजारच्या आजींच्या चुडाला चौदा. सरांनी दोन्ही चूड वर्गात आणून दाणे मोजायला लावले. माझे साडेचारशेच्या आसपास, त्यांचे पंधराशेच्या वर. साळ, म्हणजे अजून तूस निघायचं होतं. मग सरांनी फळ्यावर त्रैराशिक मांडलं: एका वाटी तांदळाला माझ्यासारखे किती चूड लागतील? उत्तर वीसच्या पुढे गेलं आणि अख्खा वर्ग माझ्या डब्याकडे बघून हसला.

आजींच्या चुडातली एक लोंबी सरांनी प्रयोगशाळेच्या कपाटात चिठ्ठी लावून ठेवली होती. वार्षिक परीक्षेपर्यंत उंदरांनी दाणे संपवले. चिठ्ठी मात्र मी दहावी होईपर्यंत तिथेच होती.