शिट्टी वाजलीच नाही

माझ्या धाकट्या भावानं मोबाईलला वॉलपेपर काय लावलाय, तर भारताविरुद्धचा कतारचा तो गोल. म्हणजे गोल व्हायच्या आधीचा क्षण. चेंडू रेषेच्या पलीकडं आणि मधे हिरवं गवत स्वच्छ दिसतंय. कुणी भेटलं की हा फोन पुढं करतो, "तुला दिसतंय न्हवं गवत? मग त्याला कसं दिसलं नाही?"

त्याला म्हणजे दक्षिण कोरियाचे रेफ्री किम वू-संग यांना. ११ जून २०२४, दोहा, वर्ल्ड कपची पात्रता फेरी. कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या आमच्या घरी आठ-दहा जण टीव्हीसमोर होतो. आपल्या छांगतेनं ३७व्या मिनिटाला गोल मारला तेव्हा शेजारच्या काकू "काय पडलं रे?" म्हणून दारात आल्या. आपला कॅप्टन सुनील छेत्री पाचच दिवसांपूर्वी निवृत्त झालेला. कतार आधीच पुढं गेलेलं, त्यामुळं त्यांनी नवीच पोरं उतरवलेली. जिंकलो की आपण तिसऱ्या फेरीत.

७३व्या मिनिटाला कतारला फ्री किक. त्यांच्या युसेफ आयमनचं हेडर आपला गोली गुरप्रीतनं अडवलं आणि चेंडू घरंगळत बाहेर गेला. मी कॉलेजात असताना तालमीच्या टीमचा गोली होतो, त्यामुळं पुढचं टीव्हीवर दिसायच्या आधी माझ्या पोटात कळलं. चेंडू रेषेबाहेर गेला की गोलीचं अंग सैल पडतं. ते ठरवून होत नाही. डोकं कॉर्नरच्या तयारीला लागतं, पहिल्या पोस्टवर कुणाला उभं करायचं वगैरे. तेवढ्यात त्यांच्याच अल हाश्मीनं पायानं चेंडू आत ओढला आणि आयमननं जाळ्यात ढकलला. आपली पोरं हात वर करून रेफ्रीकडं बघत राहिली. गोल दिला! या फेरीत व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासायची सोय, नव्हतीच. आणि अख्खा चेंडू रेषेपार गेला की खेळ संपला, हे शाहू स्टेडियमवर शेंगा विकणाऱ्यालाही माहीत असतं.

माझ्या बाबतीत एकदा असंच झालं होतं. मी हात वर केला, त्यांनी गोल मारला. कोचनी रेफ्रीला काही म्हटलं नाही, मला म्हटले, "शिट्टी वाजली होती का?" आजही राग येतो.

म्हणून भावाचा संताप मला शंभर टक्के कळतो. फक्त त्याच्या वॉलपेपरवर ८५वं मिनिट नाही. तेव्हा कतारच्या अल रावीनं दुसरा गोल मारला आणि आपण १-२ हरलो, तो गोल एकदम चोख होता. त्याच रात्री आपल्याच गटातल्या कुवेतनं अफगाणिस्तानला १-० हरवलं, त्यांचे ७ गुण झाले. म्हणजे चोरीचा गोल वजा करून १-१ धरलं तरी आपले सहाच, घरीच बसायचं. भाऊ म्हणतो, तो गोल दिला नसता तर पोरं खचली नसती, दुसरा झालाच नसता. असेलही. गोली म्हणून मला ते पटतंसुद्धा.

पण या फेरीतल्या सहा मॅचमध्ये आपले गोल किती? तीन. त्यातला एक पेनल्टीवर. कुवेतमध्ये मनवीरनं मारला तेव्हा वाटलं, झालं आता. मग मार्चमध्ये गुवाहाटीला, छेत्रीच्या १५०व्या मॅचमध्ये, आघाडी घेऊन अफगाणिस्तानकडून १-२ हरलो. त्याआधी जानेवारीत, कतारमध्येच, एशियन कपला ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान, सीरिया: तीन मॅच, सहा गोल खाल्ले, मारला एकही नाही. तिथं कुणी चेंडू बाहेरून आत ओढला नव्हता.

फेडरेशननं तक्रार केली, निकाल तसाच राहिला. सहा दिवसांनी कोच स्टिमॅकना काढलं. आमच्या घरी मात्र वाद रोज जेवताना नव्यानं सुरू होतो.

काल त्याला म्हटलं, "गुवाहाटीच्या मॅचचा एखादा फोटो लाव की त्याजागी."

"त्यात कुणाला दाखवू?" म्हणाला, आणि परत गवत झूम करत बसला.