भरताचं वांगं तोडल्या दिवशीच भाजा

थंडी पडली की जळगाव, भुसावळ, यावलच्या बाजारांत हिरवी, पांढरट रेघांची, पंजात न मावणारी वांगी दिसू लागतात. २०१६ साली जळगावच्या भरीत वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तेच वांगं तीन दिवस गाडीत नि गोदामात पडून राहिलं, तर त्याच्या भरताला ती चव उरत नाही.

वांग्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. ताजं वांगं आगीवर ठेवलं की या पाण्याची वाफ होते, गर आतून शिजतो आणि साल सहज सुटते. शिळ्या वांग्यातलं पाणी उडालेलं असतं. मग साल करपते, आतला गर दाठर राहतो आणि सोलताना निम्मा सालीबरोबर जातो.

घेताना आधी देठ बघा. हिरवा, टणक, काटे टोचणारा असेल तर वांगं आजचं. अंगठ्याने हलकं दाबा. खळगा लगेच भरून आला पाहिजे. सारख्या आकाराच्या दोन वांग्यांतलं हलकं उचला, त्यात बिया कमी निघतात. साल पिवळट झाली असेल तर वांगं जून झालंय, भरीत कडवट होणार. देठाजवळ बारीक छिद्र दिसलं तर ते अळीचं. वरून वांगं कितीही देखणं असो, आत काळं निघतं.

या अळीमुळेच वांग्यावर फवारणी फार होते. गावचं आहे म्हणून औषध मारलेलं नसेल, असं धरून चालू नका. शेवटची फवारणी कधी झाली, हे विकणाऱ्याला सरळ विचारा. गावात घेण्याचा मोठा फायदा हाच, की उत्तर देणारा माणूस समोर असतो. घरी आणल्यावर वांगी चोळून धुवा आणि भाजण्याआधी कोरडी पुसा.

लगेच भाजायची नसतील तर फ्रिजमध्ये टाकू नका. दहा अंशांखालच्या थंडीत सालीवर खड्डे पडतात, बिया काळ्या होतात. टोपलीत ओलसर सुती कापडाखाली दोन दिवस राहतात. फक्त पिकत्या केळ्यांशेजारी ठेवू नका (आपल्याकडे केळी नसलेलं घर कुठलं!); केळ्यांतून निघणाऱ्या वायूने देठ लवकर काळवंडतो.

भाजण्याआधी तेलाचा हात लावा आणि सुरीने चार ठिकाणी टोचा. टोचलं नाही तर वाफ कोंडून वांगं फुटतं. तुरीच्या किंवा कपाशीच्या काड्यांचा जाळ सगळ्यात चांगला. गॅसवर मध्यम आचेवर, फिरवत, वीसेक मिनिटं धरा. देठाजवळचा भाग दाबून मऊ लागला की झालं. सोलताना पाण्याखाली धरू नका, धुराचा वास वाहून जातो. हात नुसता ओला करून साल काढा.

किलोभर वांग्यांना आठ-दहा हिरव्या मिरच्या आणि पंधरा लसूण पाकळ्या भाजून घ्या. गर गरम असतानाच, मीठ घालून, त्यांच्यासोबत लाकडी भांड्यात ठेचा. मिक्सर नकोच, त्यात बिया वाटल्या जातात आणि भरीत चिकट, कडसर होतं. अर्धी वाटी तेलात मूठभर शेंगदाणे तळा, दोन जुड्या कांद्याची पात एक वाफ येईपर्यंत परता, मग गर. पातही त्याच दिवशीची हवी. ती मऊ पडली की पाणी सोडते आणि भरीत पातळ होतं. वरून कोथिंबीर, सोबत कळण्याची (ज्वारी-उडीद एकत्र दळलेल्या पिठाची) भाकरी.