खोललं की घेतलं

पुण्याच्या जुन्या बाजाराचा एक नियम आहे. तो कुठे लिहिलेला नाही, पण मोडायची कुणाची टाप नाही. मिक्सर असो, ड्रिल मशीन असो, रेडिओ असो. हातात घ्या, हलवा, कानाशी धरा, निम्म्या भावात मागा. खिशातून स्क्रूड्रायव्हर निघाला की मात्र समोरचा म्हणतो, "खोलायचं नाही साहेब. खोललं की घेतलं."

मला त्या रविवारी खोलून बघायचं होतं ते एक आगगाडीचं इंजिन होतं. मोबाइलपेक्षा आखूड, काळं, सहा चाकांचं, दोन्ही बाजूंना पाण्याच्या टाक्या. नळाच्या तोट्या, गंजके पाने आणि मेलेल्या चार्जरांच्या ढिगात कुशीवर पडलं होतं. अंगावरच्या नंबरातले पहिले दोन आकडे, ४ आणि ७, तेवढे शिल्लक होते. ओळख पटायला ते पुरले. हे 'जिंटी', ट्राय-अँग या खेळण्यातल्या रेल्वे बनवणाऱ्या जुन्या इंग्रजी कंपनीचं. खऱ्या जिंटी म्हणजे इंग्लंडातली यार्डात डबे ढकलणारी हमाल इंजिनं. १९२४ ते १९३१ या काळात ४२२ बांधली. १९४८ मध्ये तिथल्या रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं, तेव्हा त्यांच्या जुन्या नंबरात चाळीस हजार मिळवले, म्हणून ते ४७. असल्या माहितीचा संसारात शून्य उपयोग होतो, हे मला घरातून वेळोवेळी कळवण्यात आलेलं आहे.

"जोशींच्या म्युझियममध्ये असते ना, तसली आहे," विक्रेते काका म्हणाले. कोथरूडचं ते छोट्या रेल्वेचं म्युझियम १९९८ पासून पुण्यातल्या पोरांना आणि त्यांच्या बापांना वेड लावतंय, त्यामुळे हे वाक्य गिऱ्हाईक बघून टाकलेलं होतं. भाव पंधराशे.

"चालू आहे का?"

"चालू म्हणजे? एक नंबर." त्यांनी शेजारची स्कूटरची बारा व्होल्टची बॅटरी ओढली, दोन वायरी दोन्हीकडच्या चाकांना टेकवल्या. चट्ट! ठिणगी उडाली. चाकं जागची हलली नाहीत.

"बघा," काका विजयी मुद्रेने म्हणाले, "करंट आहे!"

करंट होताच. तो नको त्या वाटेने पळत होता, एवढंच. नुसती ठिणगी आणि चाकं थंड, म्हणजे आत कुठेतरी शॉर्ट. इंजिन अगदी मुकं असतं तर मी निर्धास्त झालो असतो. मुकेपणाची कारणं बहुतेक गरीब असतात: चाकावर साचलेला काळा थर, सुटलेली वायर, मोटारीत वीज पोचवणारा कार्बन ब्रश झिजलेला. मोटार फिरते आणि चाकं फिरत नाहीत, तर दातेरी चाक तडकलेलं. पार जुन्या, दुसऱ्या महायुद्धाआधीच्या इंजिनांना जस्ताची कीड लागते. ओतकामाच्या जस्तात शिसं मिसळलेलं असलं की धातू आतल्या आत फुगतो, तडे जातात आणि हळूहळू त्याचा भुगा होतो. त्याला औषध नाही. हे त्यातलं नव्हतं. पण शॉर्टला दोन कारणं असू शकत होती, एक फुकटातलं आणि एक महागातलं.

त्या मोटारीत दोन्ही ब्रश दाबून धरायला एकच स्प्रिंग असते, केसांच्या आकड्यासारखी. तिच्या एका पायावर जेमतेम चार मिलिमीटरची नळी असते, इन्सुलेशनची. ती गळून पडली की वीज मोटारीतल्या तारेच्या गुंडाळ्यांत न शिरता स्प्रिंगवरूनच परस्पर पसार होते. हे फुकटातलं. महागातलं म्हणजे आतल्या गुंडाळ्याच जळालेल्या.

मी इंजिन नाकाशी नेलं. गुंडाळ्या जळाल्या असतील तर त्यांच्यावरच्या व्हार्निशचा जळका वास लपत नाही. आला तो जुन्या तेलाचा आणि थोडा उंदरांचा. मोबाइलचा टॉर्च लावून चाकांच्या फटीतून पाहिलं. स्प्रिंगचा एक पाय दिसला, उघडा. नळी दुसऱ्या पायावर असते, तो मोटारीच्या आड. वरच्या कवचाचा एकच स्क्रू, एकच, आणि काकांची नजर माझ्या खिशावर.

घरी फोटो पाठवला. बायकोचा एका शब्दात प्रश्न आला: "चालते?" मी लिहिलं, "चालेल." मराठीत हा शब्द फार सोयीचा आहे.

तरी त्या दिवशी घेतलं नाही. नऊशेवर सौदा आला होता, पण घरी माळ्यावर न चालणारी दोन इंजिनं आधीच आहेत, शिवाय एक भिंतीवरचं घड्याळ, ज्याचे काटे मी गेल्या पावसाळ्यात काढले आणि अजून बसवले नाहीत. ब्रश इंग्लंडहून मागवायचे तर टपालखर्च मुलापेक्षा बारसं मोठं. हा सगळा हिशेब मी बुधवारपर्यंत व्यवस्थित मांडला आणि बुधवारी जुन्या बाजारात गेलो.

"अकराशे," काका म्हणाले.

"रविवारी नऊशे म्हणालात."

"रविवारी तुम्ही परत येणार हे कुठे माहीत होतं?"

अकराशे दिले.

रात्री जेवणं झाल्यावर टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं आणि तो स्क्रू काढला. स्प्रिंगचे दोन्ही पाय उघडे होते. लाल वायरचं चार मिलिमीटर कातडं सोलून एका पायावर चढवलं, बॅटरी टेकवली, आणि चाकं भर्रकन फिरली. बायकोला हाक मारणार तेवढ्यात मोटार बोटाला पोळली. फिरतेय जोरात, तापतेय भयंकर, आणि चाकावर बोट ठेवलं की लगेच मान टाकतेय: चुंबक उतरलेलं. या जुन्या मोटारींचं चुंबक बाहेर काढताना त्याच्या दोन टोकांवर लोखंडाची पट्टी ठेवली नाही, तर त्याचा जोर जातो. माझ्याआधी कुणीतरी हौसेने खोलून पाहिलं असणार, आणि नळी हरवून, चुंबक उतरवून परत मिटलं असणार. काकांचा नियम त्या माणसाला कुणी सांगितला नाही.

दिवाळीत भाचीने किल्ल्याभोवती रूळ मांडले. महाराजांच्या काळात आगगाडी नव्हती, हे तिला मान्य होतं. मावळ्यांना कुठेतरी जायचं असेल, असं तिचं म्हणणं. जिंटी एकटी सुसाट पळाली. एक डबा ओढला, दुसराही ओढला. तिसरा जोडल्यावर बोगद्याच्या तोंडाशी धाप लागून उभी राहिली. तिसरा डबा आता पायथ्याच्या हळिवाच्या शेतात ठेवलाय, आणि एक मावळा त्यावर पहारा देतो.