नायिका रंगमंचाबाहेर येताना: माझा अनुभव

मला मुलगा म्हणून वाढवले गेले, तरी भरतनाट्यम् शिकण्यास घरातून विरोध झाला नाही. १८८० मध्ये सयाजीराव महाराजांचा तंजावरच्या राजकन्येशी विवाह झाला आणि तिच्याबरोबर तेथील नर्तकी बडोद्यास आल्या, तेव्हापासून हे नृत्य आमच्या गावाला परके राहिलेले नाही. एकाच नर्तकाने कृष्ण, सखी आणि नायिका साकारण्याची परंपरा असल्याने माझ्या विरहोत्कंठितेचे, म्हणजे प्रियकराच्या विरहाने व्याकुळ नायिकेचे, कौतुकच होत असे, आणि गंधर्व नाटक मंडळीला बडोदे दरबाराचा आश्रय असल्याचे अभिमानाने सांगणारी वडीलधारी मंडळी मला बालगंधर्वांची उपमा देत. त्यामागे निखळ माया होती; पण तिच्यात मी रंग उतरवून पुन्हा पुरुष होणार हे गृहीत होते, आणि मला ते शक्य नव्हते. मी स्त्री आहे असे घरी सांगितल्यावर कौतुक करणारे बरेच जण गप्प झाले.

मानसोपचारतज्ज्ञांच्या भेटींनंतर एंडोक्रायनॉलॉजिस्टच्या (संप्रेरकतज्ज्ञाच्या) देखरेखीखाली इस्ट्रोजेन सुरू झाले आणि त्याबरोबर टेस्टोस्टेरॉन रोखणारे औषधही. हिमोग्लोबिन आणि स्नायूंची ताकद कमी होत गेली, तसे अर्धमंडलीत, म्हणजे गुडघे वाकवून अर्धे बसण्याच्या मूळ स्थितीत, टिकणे अवघड झाले आणि तिसऱ्या काळातील, म्हणजे सर्वांत जलद लयीतील, अडवूंना (नृत्याच्या मूलभूत हालचालींना) दम पुरेना. माझ्या नृत्यगुरू ताईंनी मला पुन्हा पहिल्या, संथ काळातील तट्टडवूंवर, म्हणजे पाय आपटण्याच्या अगदी प्राथमिक अडवूंवर, आणले. बदललेल्या शरीराची खरी ओळख मला त्या सरावातच झाली. ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१९ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळख-प्रमाणपत्र मिळवताना तेव्हा वैद्यकीय तपासणी लागली नाही, प्रतिज्ञापत्र पुरले.

त्यानंतरच्या पहिल्या कार्यक्रमासाठी अनेकांनी अर्धनारीश्वर सुचवले. मी नकार दिला, कारण मला माझे दोन अर्ध दाखवायचे नव्हते. तंजावर परंपरेतील गुरू किट्टप्पा पिळ्ळै यांच्या शिष्या, २०१९ मध्ये पद्मश्री मिळालेल्या ट्रान्स नृत्यांगना नर्तकी नटराज यांचे उदाहरण ताईंनीच समोर ठेवले होते: ट्रान्स स्त्रीने तंजावर परंपरेतील शृंगार पूर्ण अधिकाराने सादर करावा. म्हणून मी तंजावरच्या दुसऱ्या सरफोजी राजांच्या मराठी निरूपणांतील, म्हणजे नृत्यासाठी रचलेल्या कथारूप गीतमालांतील, रचना निवडली, आणि नेहमीचे लचकणे, नजरेचा अतिरेक काढून टाकला. स्त्रीपण सिद्ध करण्यासाठी मला त्यांची गरज उरली नव्हती. आईला प्रथमच प्रत्येक शब्द कळला. नंतर ती अभिनयाविषयी काही बोलली नाही. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला मी कोणते लुगडे नेसणार, एवढेच तिने विचारले. काका अजून जुन्याच नावाने हाक मारतात, आणि पदवीच्या प्रमाणपत्रावरील नाव बदलण्याचा अर्ज अजून मंजूर व्हायचा आहे.