जिरकाटांगच्या नाक्यावर तीन तास

आईच्या आधार क्रमांकातला एक आकडा चुकला आणि सकाळी सहाचा ताफा आमच्याशिवाय गेला.

अंदमानातल्या बाराटांग बेटावरच्या चुनखडीच्या गुहा बघायच्या तर अंदमान ट्रंक रोडने जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जावं लागतं. जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्या थांबवतात, प्रत्येकाचं नाव, वय आणि ओळखपत्राचा क्रमांक अर्जाशी ताडून बघतात आणि ठरलेल्या वेळी पोलिसांच्या देखरेखीखाली सगळ्यांना एका रांगेत सोडतात. आम्ही श्रीविजयपुरमहून, म्हणजे 2024 पर्यंतच्या पोर्ट ब्लेअरहून, रात्री तीनला निघालो होतो. अर्ज एजंटाने भरलेला, मी न वाचता सही केलेली. नवा अर्ज लिहून शिक्का मिळेपर्यंत सहा वाजून गेले. पुढचा ताफा नऊचा.

चहाच्या टपरीवर बसलो. आदल्या दिवशी सेल्युलर जेल पाहिलं होतं. 1906 साली पूर्ण झालेल्या सात इमारतींपैकी आता तीनच उभ्या आहेत. सावरकरांच्या कोठडीत आई बराच वेळ गजांना धरून उभी राहिली होती. आता समोरचं जंगल बघत तिने विचारलं, "समुद्र होता हे खरं, पण इथे पळून लपायला काय हरकत होती?"

जेल बांधायच्या आधीचे कैदी पळालेही होते. 1858 च्या मार्चमध्ये कैद्यांची पहिली तुकडी इथे उतरली आणि महिन्याभरातच कित्येक जण जंगलात शिरले. बहुतेकांचा भुकेने किंवा बाणांनी अंत झाला. दूधनाथ तिवारी हा 1857 च्या उठावातला शिपाई मात्र वाचला. ग्रेट अंदमानी या इथल्या आदिवासींनी त्याला आपल्यात घेतलं, त्याचं लग्नही लावून दिलं. वर्षभराने ते इंग्रजांच्या वसाहतीवर चाल करून निघाले तेव्हा तो पुढे पळत आला आणि त्याने साहेबाला खबर दिली. 17 मे 1859 ला अॅबर्डीनच्या लढाईत धनुष्यबाणांचा बंदुकांपुढे निभाव लागला नाही. तिवारीला माफी मिळाली. हजारोंनी असलेले ग्रेट अंदमानी पुढे वसाहतीतून आलेल्या रोगांनी संपत गेले, आज ते शंभरही नाहीत. ज्यांनी आसरा दिला त्यांचं हे झालं. मला हे सांगताना फार वाईट वाटलं, आई तर गप्पच झाली.

नऊला फाटक उघडलं. काचा वर, मोबाइल आत, मध्ये थांबायचं नाही, पुढच्या गाडीला ओलांडायचं नाही, कुणी दिसलं तर खायला द्यायचं नाही. ड्रायव्हरदादांनी दोनदा बजावलं. हे नियम मला अजिबात जाचक वाटले नाहीत. जारवा 1997-98 च्या सुमाराला स्वतःहून बाहेर येऊ लागले आणि 1999 मध्येच त्यांच्यात गोवराची साथ पसरली. सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये हा रस्ता बंद करायला सांगितलं होतं. तरी आम्ही त्यावरून चाललोच होतो. मला एकही जारवा दिसला नाही आणि मला त्याचं बरं वाटलं.

मिडल स्ट्रेट या सामुद्रधुनीवर गाड्या आणि माणसं एकाच फेरीबोटीत चढतात. पलीकडे लाइफ जॅकेट घालून स्पीडबोट, अर्धा तास खाडीतून. शेवटी खारफुटी इतकी जवळ येते की फांद्यांखाली डोकं वाकवावं लागतं. मग दीडेक किलोमीटर पायवाट. गुहेत आईने टॉर्च वर धरला. छतातून झिरपणारं पाणी विरघळलेला चुना थेंबाथेंबाने मागे ठेवतं आणि त्याचेच झुंबरासारखे लवणस्तंभ झालेत. काही अजून ओले होते. हात लावायचा नाही, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही.

चिखलाचा ज्वालामुखी सोडून दिला, कारण परतीचा शेवटचा ताफा चुकला तर मुक्काम बाराटांगलाच. तुम्ही जाणार असाल तर सोमवार टाळा, त्या दिवशी गुहा बंद असतात. मूळ ओळखपत्र जवळ ठेवा आणि अर्जातला प्रत्येक आकडा आदल्या संध्याकाळी स्वतः वाचून घ्या.