डिझेल पिकअपला जादा फिल्टर बसवताना: माझा अनुभव

माझ्या पिकअपचे इंजिन कॉमन रेल पद्धतीचे आहे, म्हणजे पंप एका सामाईक नळीत (रेलमध्ये) जबर दाबाने डिझेल भरतो आणि तिथून इंजेक्टर ते इंजिनात फवारतात. अशा इंजिनांत रेलमधला दाब 1600 ते 2000 बारपर्यंत, काहींत त्याहूनही वर जातो आणि इंजेक्टरच्या आतल्या हलत्या भागांमधली फट अवघ्या काही मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते. त्या फटीत कठीण धुळीचे कण शिरले की धातू घासला जातो आणि पाणी शिरले की डिझेलचे वंगण तुटून पंप व इंजेक्टर गंजू लागतात. मूळ फिल्टर बदलताना त्याच्या तळाशी दरवेळी पाणी दिसू लागले, तेव्हा त्याच्या आधी आणखी एक फिल्टर बसवायचे मी ठरवले.

बाजारात माल भरपूर मिळतो, पण डब्यावरच्या आकड्यांनी डोके चक्रावते. 'दोन मायक्रॉन' एवढेच छापलेले असेल तर त्यावरून फारसे काही ठरत नाही, कारण त्या आकाराचे निम्मे कण अडवणारा फिल्टरही स्वतःला दोन मायक्रॉनचा म्हणवू शकतो. खरी पारख बीटा गुणोत्तराने, म्हणजे फिल्टरच्या आधीचे कण भागिले पुढे निसटलेले कण या आकड्याने होते. एखाद्या आकारासाठी बीटा 2 असेल तर निम्मे कण पुढे निसटतात. 200 असेल तर दोनशेपैकी एकच निसटतो. ज्या उत्पादनाच्या माहितीपत्रकात हा आकडा दिलेला नव्हता, ते मी सरळ बाजूला ठेवले.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न फिल्टर कुठे बसवायचा हा होता. माझ्या गाडीच्या टाकीत विजेचा पंप नाही. इंजिनवरचा पंपच टाकीतून डिझेल ओढून घेतो. त्यामुळे टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत दाब नसतो, उलट किंचित निर्वात असतो. या बाजूला फार बारीक फिल्टर घातला तर पंपाला ओढ बसते, डिझेलमध्ये बुडबुडे तयार होतात आणि चढावर भार आला की इंजिन दम टाकते. म्हणून मी टाकी आणि मूळ फिल्टर यांच्यामध्ये 30 मायक्रॉनचा, खाली पारदर्शक वाटी असलेला वॉटर सेपरेटर (डिझेलमधले पाणी वेगळे करणारा फिल्टर) निवडला आणि बारीक गाळण्याचे काम कंपनीच्या मूळ फिल्टरकडेच राहू दिले. मूळ फिल्टर काढून त्याच्या जागी दुसरे काही बसवावे, असा सल्ला अनेकांनी दिला. तो मला आजही पटत नाही. फिल्टरची प्रवाहक्षमता पाहताना इंजिन जाळते तेवढेच डिझेल धरून चालत नाही, कारण पंपातून आणि इंजेक्टरमधून टाकीकडे परत जाणारे डिझेलही आधी याच फिल्टरमधून आलेले असते.

बसवण्याचे काम तसे साधे आहे. चासीच्या आतल्या बाजूला, सायलेन्सरच्या पाइपपासून लांब, दगड उडून वाटी फुटणार नाही अशा उंचीवर ब्रॅकेट लावला. वाटी आणि फिल्टर खाली सोडवता यावेत एवढी मोकळी जागा तिथे हवी, हे भोक पाडण्यापूर्वीच मोजून घ्यावे. नळी मूळ नळीइतक्याच आतल्या व्यासाची आणि डिझेलसाठीचीच घेतली. कापल्यावर रबराचा जो बारीक भुगा आत राहतो तो धुऊन काढला. जोडांच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळण्याची सवय इथे मात्र सोडावी, कारण टेपचे तुकडे सुटून डिझेलबरोबर पुढे जातात. स्क्रूने आवळायच्या, खाचांच्या पट्टीच्या जुबली क्लिपऐवजी नळीवर सगळीकडून सारखी आवळणारी, गुळगुळीत पट्टीची क्लिप वापरली.

खरी मेहनत पुढे होती. दाबाच्या बाजूला जोड सैल असला तर डिझेल टपकते आणि डोळ्यांना दिसते. ओढीच्या बाजूला तोच जोड डिझेल बाहेर न सोडता हवा आत घेतो आणि खालून पाहिले तर सारे कोरडे ठणठणीत दिसते. गाडी सकाळी सुरू व्हायला वेळ घेऊ लागली, तर संशय आधी याच जोडांवर घ्यावा. मी फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये डिझेलला चालणाऱ्या पारदर्शक नळीचा एक तुकडा तात्पुरता जोडला. इंधनाच्या नळीवरच्या, हाताने दाबायच्या छोट्या पंपाने (हातपंपाने) नळीतली हवा म्हणजे एअर काढून इंजिन चालू केल्यावर त्या तुकड्यात आधी मोठे बुडबुडे, मग मोहरीएवढे बारीक बुडबुडे दिसत राहिले. वाटीतले पाणी सोडण्याच्या तोटीची (ड्रेन कॉकची) रबरी रिंग नीट बसवून घेतल्यावर ते थांबले आणि नळीत नुसते स्वच्छ, पिवळसर डिझेल वाहू लागले. त्यानंतरच तो तुकडा काढून कायमची नळी जोडली.

एअर काढताना दोन गोष्टी कटाक्षाने पाळल्या. हाय प्रेशर पंपाचे वंगण डिझेलनेच होत असल्यामुळे, नळ्या भरण्यासाठी सेल्फ मारत बसलो नाही. हातपंप घट्ट लागेपर्यंत तोच दाबत राहिलो. जुन्या इंजिनांवर इंजेक्टरचे पाइप सैल करून एअर काढतात, तसे कॉमन रेलवर कधीही करू नये; त्या दाबाची धार कातडी भेदून आत शिरते.

आता इंधन भरण्यापूर्वी, गाडी काही वेळ उभी असताना, वाटी पाहतो. पाणी जड असल्यामुळे तळाशी बसते आणि दोन्हींमधली रेघ टॉर्चच्या प्रकाशात स्पष्ट दिसते. त्या रेघेवर काळपट, बुळबुळीत थर दिसला तर टाकीत जंतू वाढू लागले असे समजावे आणि टाकीच साफ करावी, कारण अशा वेळी नवा फिल्टरही लवकरच चोंदतो. डिझेलमध्ये विरघळलेले पाणी मात्र सेपरेटर वेगळे करू शकत नाही आणि बायोडिझेल मिसळलेल्या इंधनात बारीक थेंबही सहजासहजी एकत्र येत नाहीत. मूळ फिल्टर बदलण्याची मुदत म्हणूनच मी वाढवलेली नाही.