जनरलच्या डब्यातून डिस्ने

"रिझर्व्हेशन आहे ना?"

शनिवारी सकाळी गाडीत बसताना बाबांनी विचारलेला हा पहिला प्रश्न. चाळीस वर्षं रेल्वेत काढलेला माणूस दुसरं काय विचारणार? नवऱ्यानं छातीठोकपणे सांगितलं, "बाबा, आता लागतच नाही."

तो खोटं बोलत नव्हता. कोविडनंतर २०२० मध्ये ऑर्लँडोचं वॉल्ट डिस्ने वर्ल्ड पुन्हा उघडलं, तेव्हा तिकिटाशिवाय पार्कचं वेगळं रिझर्व्हेशनही काढावं लागायचं. ९ जानेवारी २०२४ पासून तारीख घातलेल्या तिकिटांना ती अट राहिली नाही. ही बातमी नवऱ्यानं वाचली होती. आमच्या घरात बातमी मथळ्यापर्यंतच वाचली जाते. त्यानं त्यातून अर्थ काढला तो असा, की उठायचं, गाडीत बसायचं आणि जायचं. शुक्रवारी रात्री जेवताना हे ठरलं, शनिवारी सकाळी आठला आम्ही पाच जण अटलांटाहून निघालो. नवरा, मी, आठ वर्षांचे चिरंजीव आणि सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा.

तारीख होती १७ फेब्रुवारी २०२४. सोमवारी प्रेसिडेंट्स डेची सुट्टी. शिवाय त्याच रविवारी डेटोनाला गाड्यांची मोठी शर्यत. म्हणजे अर्धी अमेरिका फ्लोरिडाकडे निघालेली आणि त्या सगळ्यांनी खोल्या आधीच घेऊन ठेवलेल्या. मी वाटेत फोनवर हॉटेलं शोधत होते आणि दर अर्ध्या तासानं आकडा वाढत होता. शेवटी ऑर्लँडोजवळच्या किसिमीला हायवेलगत एका मोटेलमध्ये एक खोली मिळाली. तिला कुबट वास होता आणि एसी बंद केला तरी चालूच राहायचा. आईनं पलंगावरची चादर काढून स्वतःची घातली आणि म्हणाली, "धर्मशाळा बरी असते याच्यापेक्षा." मला वाद घालायला जागा नव्हती. खोलीतही नव्हती.

रात्री सगळे झोपल्यावर मी बाथरूममध्ये बसून वाचायला घेतलं आणि आपण काय करून बसलोय ते कळलं. रिझर्व्हेशन 'लागत नाही' ते फक्त फाटकातून आत जायला. आतल्या हॉटेलांतली टेबलं लोक साठ दिवस आधी धरतात. मोठ्या राइड्सच्या लांब रांगा चुकवायच्या तर पैसे भरून लाइटनिंग लेन. आणि आमच्या चिरंजीवांनी ज्याच्यासाठी अटलांटा ते किसिमी डोकं खाल्लं होतं, त्या ट्रॉन नावाच्या राइडला तर नुसतं जाऊन उभंच राहता येत नव्हतं. तिची रांग तेव्हा फोनमध्ये. सकाळी ठीक सातला नंबर लावायचा, तोही आधी तिकीट हातात असेल तरच. तेव्हा नाही जमलं, तर दुपारी एकला पुन्हा, पार्कात असाल तर. माझी एक मैत्रीण डिस्नेला जायच्या आधी एक्सेलचा तक्ता करते, त्यात कुठल्या मिनिटाला कोणी कुठं असायचं तेही लिहिलेलं असतं. मी तिला फार हसले होते.

तेव्हाच, बाथरूममधून, तिकिटं काढायला हवी होती. मी नवऱ्याला उठवलं. "सकाळी खिडकीवर मिळतात," म्हणून तो कूस बदलून झोपला. आणि मी, त्याच्यावर चिडून, मुद्दाम काढली नाहीत. ही चूक निम्मी माझी आहे. हे त्याला अजून सांगितलेलं नाही.

रविवारी पावसाची रिपरिप होती. गाडी लावायचे ३० डॉलर ऐकून आईनं तिथल्या तिथं रुपये केले आणि मग बराच वेळ बोलली नाही. तिकिटाच्या खिडकीवर तर माणशी दीडशेच्या वरचा आकडा. बाबांनी माझ्या खांद्यावरून वाकून विचारलं, "सीनियर सिटिझन कन्सेशन?" मी विचारलं. नव्हतं. बाबा म्हणाले, "आपल्याकडे कोविडमध्ये बंद केलं. यांनी सुरूच केलं नाही. हुशार आहेत." सव्वानऊ वाजले होते. सातची रांग केव्हाच भरून संपली होती.

डिस्ने वर्ल्डमधल्या ज्या पार्काची तिकिटं काढली, त्या मॅजिक किंगडमला जायचं म्हणजे गाडी लांब लावून पुढं मोनोरेल किंवा तलावातून बोट. आम्ही मोनोरेल घेतली. बाबांनी खिडकीतून खाली बघत तिला 'खेळणं' ठरवलं. फाटकातून आत शिरलं की समोर विटांच्या रंगाचं एक जुन्या धाटणीचं स्टेशन येतं. त्याच्या खालच्या बोगद्यातून आत जायचं, मग मेन स्ट्रीट आणि तिच्या टोकाला तो राजवाडा. सगळी दुनिया बोगदा ओलांडून राजवाड्याकडं धावत होती. आम्हीही धावलो. पंधरा पावलांवर मागं वळून बघते तर बाबा नाहीत.

ते बोगद्याच्या तोंडाशी उभे होते, मान वर करून. वरून शिट्टी आली होती.

"ही रेकॉर्ड केलेली नाही," ते म्हणाले. "ही वाफेची आहे."

बाबा १९७२ साली भुसावळच्या शेडमध्ये क्लीनर म्हणून लागले. मग सेकंड फायरमन, फर्स्ट फायरमन, शंटर, ड्रायव्हर. निवृत्त झाले ते विजेच्या इंजिनावर, पण घरात गोष्टी निघतात त्या सगळ्या कोळशाच्या दिवसांच्या. लहानपणी मला वाटायचं, रेल्वेत चांगलं जे काय घडलं ते माझ्या जन्माआधीच. त्यांना सांध्यांचं दुखणं आहे आणि स्टेशनला वर जायचा जिना होता. तो ते आमच्या सगळ्यांच्या आधी चढले.

फलाटावर गाडी उभी होती. हिरव्या-लाल रंगाची, पितळ चकचकीत, खरंखुरं वाफेचं इंजिन. दमट हवेत वाफ नेहमीपेक्षा पांढरी आणि दाट दिसते. ती चाकांपासून उठून सगळ्या फलाटावर पसरली होती आणि बाबा तिच्यात गुडघाभर उभे. ते आधी चाकं मोजायला लागले. मग खाली वाकून बनावटीची पाटी शोधायला लागले. मी फोनवर वाचून दाखवत गेले. या लाइनवर चार इंजिनं आहेत, चारही फिलाडेल्फियाच्या बाल्डविन कारखान्याची, सगळ्यात जुनं १९१६ चं आणि सगळ्यात नवं १९२८ चं. ती मेक्सिकोत युकातानला चालायची. १९६९ मध्ये डिस्नेच्या माणसांनी तिथं ती मोडीच्या अवस्थेत गाठली, विकत घेतली, टँपाला आणून दुरुस्त केली, आणि १ ऑक्टोबर १९७१ ला पार्क उघडलं त्या वर्षापासून ती इथं धावताहेत. गेज तीन फुटी.

"आपल्या पीजेपेक्षा सहा इंच जास्त," बाबा म्हणाले. पाचोरा-जामनेर. ती अडीच फुटी. ती गाडी बंद पडली तेव्हा बाबा दोन दिवस जेवणाच्या ताटावर गप्प होते, हे आईनं मला फोनवर सांगितलं होतं.

"बाल्डविन म्हणजे मोठी कंपनी. आपल्याकडं पण होती त्यांची इंजिनं." मग थोडं थांबून, "वॉल्ट डिस्ने म्हणजे तो कार्टूनवाला ना? त्याला काय पडलं होतं इंजिनाचं?"

मला तोपर्यंत बरंच वाचून झालं होतं. वॉल्ट पोरवयात रेल्वेच्या डब्यांतून वर्तमानपत्रं आणि खाऊ विकत हिंडायचा. पुढं पैसा आल्यावर त्यानं घराच्या मागच्या अंगणात छोट्या इंजिनाची लाइन टाकली आणि इंजिनाला बायकोच्या नावावरून नाव दिलं, लिली बेल. इथल्या चारांतलं एक तिच्याच नावाचं आहे. हे पार्क उघडलेलं मात्र त्यानं पाहिलं नाही. तो १९६६ मध्येच गेला. थोरला भाऊ रॉय निवृत्त होणार होता, त्यानं निवृत्ती पुढं ढकलून पार्क पुरं केलं, आणि उघडल्यावर तीन महिन्यांच्या आत तोही गेला.

"एक्स्टेन्शन घेतलं म्हण," बाबा म्हणाले. हा भाग त्यांना सगळ्यात पटला.

गाडीला रिझर्व्हेशन नाही. लाइटनिंग लेन नाही, फोनमधली रांग नाही. फलाटावर यायचं, बाकावर बसायचं. दीड मैलाची फेरी, साधारण वीस मिनिटं, तीन स्टेशनं. पहिल्या फेरीला आम्ही सगळे बसलो. दुसऱ्या फेरीला आई म्हणाली, "तुम्ही जा पोराला घेऊन, आम्ही इथं बसतो." मग आम्ही तिघं गेलो आणि दिवसभर जे करायला लोक येतात ते करण्याचा प्रयत्न केला. एका राइडसाठी नव्वद मिनिटं रांगेत, राइड तीन मिनिटांची. त्या रांगेबद्दल यापलीकडं काही सांगण्यासारखं नाही.

साडेबाराला परत आलो, तर आईनं वरच्या बाकावर डबा उघडलेला. बाहेरचं खाणं आत न्यायला मनाई नसते हे मला वाचून कळलं होतं. तिनं मात्र ते न विचारताच अटलांटाहून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आणली होती. बाबा कुठं आहेत विचारलं. "चौथ्या फेरीला."

चौथ्या फेरीची गाडी आली. बाबा पहिल्या डब्यातून उतरले आणि थेट इंजिनाकडं. कॅबमधून पांढऱ्या मिशांचा एक माणूस बाहेर वाकला होता. तोपर्यंत त्यांची तोंडओळख झालेली दिसत होती. बाबांनी विचारलं, "कोल? व्हिच कोल?" तो म्हणाला, "कोळसा नाही सर, डिझेल जाळतो आम्ही." बाबांचा चेहरा पडला. त्यानं तो पडताना पाहिला असावा, कारण त्यानं लगेच विचारलं, "यू वेअर ॲन इंजिनिअर, सर?"

"नो, नो," बाबा घाईनं म्हणाले. "ड्रायव्हर. ओन्ली ड्रायव्हर. माय डॉटर इंजिनिअर." आणि माझ्याकडं बोट.

त्या माणसाचा गोंधळ झाला. तो एकदा माझ्याकडं बघे, एकदा बाबांकडं. मी पुढं होऊन बाबांना मराठीत सांगितलं, "बाबा, अमेरिकेत इंजिन चालवणाऱ्यालाच इंजिनिअर म्हणतात. तो स्वतः तेच आहे. तो तुम्हाला विचारतोय, तुम्ही पण का म्हणून."

बाबा काही बोलले नाहीत. मी बारावीला असताना माझ्या क्लासची फी भरायला ते सलग ओव्हरटाइम करायचे. पाहुण्यांना सांगायचे, "मी आपला ड्रायव्हर, पण पोरगी इंजिनिअर होणार." त्यातलं 'आपला' मला अजून तसंच्या तसं ऐकू येतं. त्यांनी कॅबकडं बघून मान हलवली. "येस," म्हणाले. "फॉर्टी इयर्स." त्या माणसानं हातमोजा काढून हात पुढं केला. गाडी निघाली.

एकला पाच मिनिटं कमी असताना आम्ही दोघं नवरा-बायको फलाटावर फोन घेऊन सज्ज. चिरंजीव मध्ये. अंगठे तयार. एक वाजला, दाबलं, चाक फिरलं, आणि दोघांच्याही फोनवर एकच उत्तर: या वेळच्या जागा संपल्या. काही सेकंदांचा मामला होता.

चिरंजीवांनी आमच्या तोंडाकडं पाहिलं. "तुम्ही दोघं इंजिनिअर आहात ना? एक बटण दाबता येत नाही?"

दशमीचा घास तोंडात असलेले बाबा म्हणाले, "त्यांचं सोड. इंजिनिअर मी आहे."

पोरगं तरीही रडलं. चांगलं अर्धा तास, लोक वळून बघतील असं. मी त्याला दोष देत नाही. आठ वर्षांच्या मुलाला आजोबांचं इंजिन हे ट्रॉनच्या बदल्यात चालत नाही, आणि चालावं असं मला वाटतही नाही. गंमत म्हणजे ती गाडी ट्रॉनच्या अगदी कडेनं, बोगद्यातून जाते. ती राइड बांधायची म्हणून हीच लाइन चार वर्षं बंद होती, डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाली. म्हणजे बाबांच्या पाचव्या, सहाव्या आणि सातव्या फेरीला आमच्या लेकानं ट्रॉन तीनदा जवळून पाहिलं. दर वेळी तोंड फिरवून.

बाकी दिवस गेला. आईला बाहुल्यांची ती होडीतली राइड आवडली. मिकीशी भेट झाली नाही. पाऊस संध्याकाळपर्यंत होता, आतषबाजीला थांबायचं त्राण कोणातच नव्हतं. डेटोनाची शर्यतही पावसानं सोमवारवर गेली, म्हणजे त्या रात्री किसिमीत खोली सोडायला कोणी तयार नव्हतं आणि आम्हाला पुन्हा त्याच कुबट खोलीत, कालच्याहून जास्त भाडं देऊन राहावं लागलं.

रात्री नऊला, म्हणजे भुसावळला सकाळचे साडेसात, बाबांनी मोटेलच्या बाहेर खुर्ची घेऊन त्यांच्याबरोबर शेडमध्ये असलेल्या एका मित्राला व्हिडिओ कॉल लावला. मी आत सामान आवरत होते, आवाज ऐकू येत होता. बाल्डविन. एकोणीसशे सोळाचं. पितळ असं ठेवलंय की तोंड बघावं. डिझेल जाळतात रे, तेवढं एक. नाही, वास नाही तो. शर्टाला काहीच नाही.

पलीकडून विचारणा झाली असावी, की हे नेमकं कुठं, गाव कुठलं.

"गावाचं काय ते नाव नाही लक्षात," बाबा म्हणाले. "तीन स्टेशनं आहेत. सिंगल लाइन, गोल फिरते. क्रॉसिंगचा त्रास नाही."